दात घासा, पण करपलेली कढई घासल्यासारखे नको

आधी माझीच गंमत सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशापायी लिहितोय ते कळेल. वरच्या डाव्या सुळ्यावर नख ठेवून हळूहळू हिरडीकडे नेलं की शेवटी शेवटी ते टक्कन अडकायचं, आणि गार पाणी प्यायलो की बरोब्बर तिथूनच अशी कळ जायची की एक डोळा आपोआप मिटायचा. मला वाटलं दात किडला. म्हणून मी अजून जोरात घासायला लागलो, दिवसातून तीनदाचं चारदा केलं. शेवटी डेंटिस्टकडे गेलो तर त्यांनी आत बघून पहिलाच प्रश्न विचारला, "उजव्या हाताने घासता ना? आणि जोर लावून?" कीड नव्हतीच. ती खाच मीच पाडलेली, स्वतःच्या हाताने, हार्ड ब्रशने, अगदी मनापासून. दात खराब होऊ नयेत म्हणून. आता बोला.

तर हे त्यांच्यासाठी आहे ज्यांनी आता दातांकडे नीट लक्ष द्यायचं मनावर घेतलंय, नवीन ब्रश आणलाय, उत्साह आहे. उत्साह असू दे, फक्त तो हातात उतरू देऊ नका. लहानपणी आपल्याला कुणीतरी "दात घास" म्हणून सांगतं, कसे घासायचे ते फारसं कुणी दाखवत नाही, मग आपण फरशी घासतात तसं आडवं खसाखसा सुरू करतो आणि आयुष्यभर तेच.

आधी एवढं कळू द्या: काढायचंय काय

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवून बघा. थोडं खरखरीत, थोडं लिबलिबीत लागतं ना, तो प्लाक. बादलीत बरेच दिवस पाणी राहिलं की आतून एक बुळबुळीत थर बसतो, तसलाच प्रकार, म्हणजे जिवाणू आणि त्यांनी स्वतःभोवती केलेला चिकट पदार्थ. हे जिवाणू आपल्या खाण्यातली साखर खाऊन आम्ल सोडतात आणि त्या आम्लाने दात किडतो, आणि हिरडीच्या कडेला हाच थर साचून राहिला की हिरडी सुजते.

आता महत्त्वाचं. हा थर मऊ असतो. नुसत्या चुळेने जात नाही हे खरं, पण मऊ ब्रिसल्स, म्हणजे ब्रशचे केस, त्याच्यावरून फिरल्या की निघतो, त्याला जोर लागत नाही. तो तसाच राहिला तर लाळेतल्या खनिजांमुळे काही दिवसांत दगडासारखा होतो, त्याला आपण किटण किंवा टार्टर म्हणतो, आणि ते एकदा बसलं की तुम्ही ब्रश कितीही दामटा, हलत नाही, ते डेंटिस्टच्या मशीननेच काढावं लागतं. म्हणजे बघा, जे मऊ आहे ते जोर न लावता जातं आणि जे कडक झालंय ते जोर लावूनही जात नाही. मग जोर लावायचा कशासाठी? मला हे वाक्य कुणी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

इथे एक जुना प्रयोग आठवतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हारल्ड लो नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना, त्यात बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी, दात साफ करणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा दात घासायला लावले तर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत. यातून मी माझ्यापुरतं घेतलं ते असं की सुजलेली हिरडी नियमित घासण्याने परत ठिकाणावर येते. पण घासून घासून मागे सरकलेली हिरडी आपोआप पुढे येत नाही, आणि झिजलेला दात तर नाहीच नाही.

दात झिजतो कुठे

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ, हाडाहूनही कडक, वजनाच्या हिशोबाने ९६ टक्क्यांच्या आसपास नुसतं खनिज. ऐकायला भारी वाटतं, पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाड मोडलं तर जुळतं तसं इनॅमल गेलं तर नवीन येत नाही. लाळेतून आणि पेस्टमधल्या फ्लोराइडमुळे वरच्यावरची सूक्ष्म डागडुजी होत असते, पण पडलेला खड्डा भरून निघत नाही.

आणि हे कवच सगळीकडे सारखं जाड नसतं. दाढेच्या टोकांवर जाड, आणि जसजसं हिरडीकडे जाल तसं पातळ होत जातं. हिरडीखाली मुळावर तर इनॅमल नसतंच, तिथे सिमेंटम म्हणून एक पातळसा थर आणि त्याच्या आत डेंटिन, जे इनॅमलपेक्षा बरंच मऊ. डेंटिनमध्ये आतल्या नसेच्या दिशेने जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. हिरडी मागे सरकली, मूळ उघडं पडलं, वरून ब्रश चालूच, की हे डेंटिन झिजून तिथे खाच पडते आणि गार, गोड, आंबट काहीही लागलं की त्या नळ्यांमधला द्रव हलतो आणि कळ जाते.

उजव्या हाताने घासणाऱ्याचा जोर बऱ्याचदा डाव्या बाजूच्या सुळ्यावर आणि त्याच्या शेजारच्या दाढांवर पडतो, ते दात कमानीच्या वळणावर बाहेर आलेले असतात ना. म्हणून तर त्या डेंटिस्टने बघताच ओळखलं.

अजून एक, झीज एकट्या ब्रशने होत नाही. नुसत्या ओल्या ब्रशने इनॅमल फारसं घासलं जात नाही, पेस्टमधली जी बारीक खरखरीत पावडर असते ती ब्रशखाली सापडून काम करते. त्यात आम्लाने दात आधीच मऊ झालेला असेल तर मग बघायलाच नको. म्हणजे कडक ब्रश, खरखरीत पेस्ट, जोराचा हात आणि चुकीची वेळ, हे चौघं एकत्र आले की घोळ होतो. माझ्याकडे चौघंही होते.

पायरी पहिली: सामान

ब्रश सॉफ्ट घ्या. मिडियम नको, हार्ड तर बाथरूमच्या टाइल्ससाठी ठेवा. डोकं लहान असलेला घ्या म्हणजे शेवटच्या दाढेमागे वळतो, आणि ब्रिसल्सची टोकं गोलाकार केलेली असावीत. बाकी झिगझॅग, तीन रंग, रबराचे पट्टे वगैरे याने फार फरक पडत नाही, आवडलं तर घ्या. गंमत म्हणजे नायलॉनच्या ब्रिसल्सचा ब्रश १९३८ मध्ये बाजारात आला, त्याआधी ब्रशला डुकराचे राठ केस असायचे, आणि सुरुवातीचं नायलॉनही तसं कडकच होतं. म्हणजे मऊ ब्रश ही काही पूर्वापार चालत आलेली गोष्ट नाही, "कडक म्हणजे चांगला साफ करतो" हे आपल्या डोक्यात बहुधा तिथूनच बसलंय.

तीन ते चार महिन्यांनी ब्रश बदला. त्याआधीच ब्रिसल्स फाकल्या तर तेव्हाच बदला, आणि नुसतं बदलून गप्प बसू नका, का फाकल्या ते बघा. माझा ब्रश तीन आठवड्यांत जुन्या झाडूसारखा व्हायचा आणि मी कंपनीला शिव्या द्यायचो.

पेस्टमध्ये बघायचं ते फ्लोराइड. बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलेलं असतं, मोठ्यांसाठी १००० ते १५०० च्या मधला आकडा चालतो, १४५० च्या आसपास असेल तर उत्तम. फ्लोराइड नसलेली पेस्ट वापरून तोंडाला छान वास येईल पण कीड रोखायचं मुख्य काम करणाराच गैरहजर.

आता व्हाइटनिंग पेस्ट आणि कोळशाच्या काळ्या पावडरी. यातल्या बऱ्याचशा गोष्टी वरचे डाग खरवडून काढतात, दाताचा मूळ रंग बदलत नाहीत. पेस्ट किती खरखरीत आहे ते मोजायचं एक माप आहे, आरडीए म्हणतात त्याला, आणि २५० ही त्याची मान्य वरची मर्यादा. अडचण अशी की हा आकडा बॉक्सवर क्वचितच छापतात. म्हणून माझा साधा हिशोब: ज्यावर "डाग घालवतो", "पॉलिश करतो", "चारकोल" असं मोठ्ठं लिहिलंय ते रोजसाठी नको, आणि ज्यांची हिरडी आधीच मागे गेलीय त्यांनी तर लांबच राहा. बोटाने किंवा ब्रशने खरखरीत पावडर घासायची सवय असेल तर तीही हळूहळू सोडा. आणि इनॅमल झिजलं की आतलं डेंटिन दिसायला लागतं आणि ते पिवळसर असतं. म्हणजे पांढरे करायला गेलो आणि पिवळे होऊन बसले.

पेस्ट किती घ्यायची? जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाट काढलेली दाखवतात, ती दिसायला सुंदर, बाकी काही नाही. मोठ्यांना वाटाण्याएवढी भरपूर झाली. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी, कारण लहान मुलं पेस्ट गिळतात. आणि हो, सात-आठ वर्षांपर्यंत पोरांचे दात मोठ्या माणसानेच शेवटचा हात फिरवून घासून द्यायला हवेत, त्यांच्या हाताला अजून ते जमत नाही.

पायरी दुसरी: धरायचं कसं

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ब्रश मुठीत धरला की कोपरापासूनचा जोर आपोआप येतो, तुम्ही कितीही ठरवा. त्याऐवजी पेन धरतो तसा बोटांच्या टोकांत धरा. पहिले दोन दिवस विचित्र वाटतं, ब्रश निसटतो, पण जोर लावायची सोयच उरत नाही.

जोर किती हवा ते बघायचं असेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्याच्यावर ब्रशच्या ब्रिसल्स टेकवून रोज घासता तसा दाब द्या आणि आकडा बघा. १५० ग्रॅमच्या आसपास पुरे असतं. मी केलं तेव्हा पाचशेच्या वर गेला काटा, मला वाटलं काटा बिघडलाय. मग १५० ग्रॅम म्हणजे हाताला कसं लागतं ते चार-पाच वेळा करून बघितलं, तर ते नुसतं टेकवल्यासारखं वाटतं. हो, तेवढंच. ओळखायची खूण अशी की ब्रिसल्सची टोकं काम करतात, त्या आडव्या झोपल्या की समजा दाब जास्त झाला.

पायरी तिसरी: फिरवायचं कसं

ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर ठेवायचा, सपाट नाही, तिरका, साधारण ४५ अंशात, ब्रिसल्सचं तोंड हिरडीकडे. म्हणजे वरच्या दातांना ब्रिसल्स वरच्या दिशेने आणि खालच्या दातांना खालच्या दिशेने. मग जागेवरच छोटं छोटं थरथरवल्यासारखं हलवायचं, एका वेळी दोन-तीन दात, दहा-पंधरा वेळा. नंतर मनगट वळवून ब्रश हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवून घ्यायचा, म्हणजे सैल झालेला थर बाहेर येतो. मग पुढचे दोन-तीन दात. याला सुधारित बास पद्धत म्हणतात, चार्ल्स बास नावाच्या अमेरिकन डॉक्टरच्या नावावरून, आणि हा माणूस दातांचा नाही, साधा फिजिशियन होता. लांब आडवे फटके, या कानापासून त्या कानापर्यंत, ते बंद.

क्रम ठरवून टाका, कुठलाही, पण रोज तोच. मी वरच्या उजव्या दाढेच्या बाहेरून सुरू करून डावीकडे जातो, तिथून आत शिरून परत उजवीकडे, मग खाली तसंच, आणि चावायची बाजू शेवटी. चावायच्या बाजूला मात्र पुढे-मागे घासलं तरी चालतं. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा करा आणि टोकाच्या ब्रिसल्सनी घासा, खालच्या पुढच्या दातांच्या आत तर नक्की, लाळेच्या ग्रंथी तिथेच उघडतात म्हणून किटण तिथे सगळ्यात लवकर धरतं. शेवटच्या दाढेच्या मागे ब्रश जात नसेल तर तोंड अजून उघडू नका, उलट थोडं मिटा, गाल सैल होतो आणि जागा होते. हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

सगळं मिळून दोन मिनिटं. मोबाइलवर टायमर लावून एकदा बघाच, दोन मिनिटं किती लांब असतात ते कळेल, बहुतेकांचं पाऊण मिनिटात आटपलेलं असतं. आणि उलट टोक म्हणजे माझ्यासारखे, बातम्या बघत बघत सात-आठ मिनिटं एकाच बाजूला घासत बसणारे. दोन्ही चूक. ब्रश तोंडात घालून घरभर फिरणं पण नको, लक्ष दुसरीकडे गेलं की हात सवयीच्या जागीच चालतो.

जिभेवरून हलकेच एकदा ब्रश किंवा जीभ घासायची पट्टी फिरवा, मागून पुढे. उलटी येईपर्यंत मागे जायची गरज नाही.

पायरी चौथी: थुंका, पण चूळ भरू नका

हे ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. फेस थुंकून टाकायचा आणि लगेच पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, कारण दातांवर राहिलेलं थोडंसं फ्लोराइड पाण्याबरोबर निघून जातं. तसंच अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. तोंडात पेस्टची चव राहते, आठवड्याभरात सवय होते. अगदीच जमत नसेल तर अगदी एक छोटा घोट घेऊन टाकून द्या. माउथवॉश वापरत असाल तर तोही ब्रशनंतर लगेच नको, त्यात बहुतेक वेळा पेस्टपेक्षा कमी फ्लोराइड असतं, तो दुपारी जेवणानंतर वगैरे वापरा.

पायरी पाचवी: कधी, आणि कधी नाही

दिवसातून दोनदा. एकदा रात्री झोपायच्या आधी, आणि एकदा दिवसात कधीतरी, बहुतेकांचं सकाळी. दोन्हीतली एकच निवडायची वेळ आली तर मी रात्रीची निवडेन, कारण झोपेत लाळ खूप कमी सुटते आणि लाळ म्हणजे दातांचा चोवीस तासांचा वॉचमन, तीच आम्ल धुऊन टाकते. रात्री घासल्यानंतर फक्त पाणी.

प्रत्येक खाण्यानंतर घासायचं का? नाही. इथेच माझ्यासारखे अतिउत्साही लोक फसतात. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं, आणि काही आंबट खाल्लं, लिंबाचं सरबत, फळांचा रस किंवा कोल्ड्रिंक प्यायलं की दाताचा वरचा पापुद्रा काही वेळ मऊ झालेला असतो. दात आंबतात म्हणतो ना आपण, त्या वेळी तर बिलकुल नको. त्यावर लगेच ब्रश म्हणजे ओल्या भिंतीवर खराटा. निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. तोवर साध्या पाण्याने चूळ भरा, लाळ आपलं काम करेल. उलटी झाल्यावरही तसंच, तोंड कितीही घाण वाटलं तरी आधी पाण्याने चुळा, ब्रश नंतर. सकाळी नाश्त्यात आंबट असणार हे माहीत असेल तर सरळ नाश्त्याआधी घासून मोकळे व्हा.

दातांच्या मधल्या फटींबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय आहे: तिथे ब्रश पोचत नाही, कुठलाच ब्रश नाही. दिवसातून एकदा फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक दोरा, आणि फटी मोठ्या असतील तर बाटली धुवायच्या ब्रशसारखे बारके इंटरडेंटल ब्रश मिळतात ते. फ्लॉस करवतीसारखा हिरडीत खुपसू नका, दाताला कवेत घेऊन वर-खाली सरकवा.

इलेक्ट्रिक ब्रश घेतला तर

चांगला असतो, नवख्यांना तर त्यातला टायमर आणि दाब जास्त झाला की लागणारा लाल दिवा याचा फार उपयोग होतो. पण तो घेऊनही लोक साध्या ब्रशसारखं खसाखसा करतात. मशीन हलतंय, तुम्ही हलवायचं नाही. फक्त एकेका दातावर टेकवून दोन-तीन सेकंद धरा आणि पुढे सरका.

अति होतंय हे ओळखायचं कसं

ब्रिसल्स महिन्याच्या आत फाकणं ही पहिली आणि सगळ्यात स्वस्त खूण, तिला डेंटिस्टही लागत नाही. मग हिरडीच्या कडेला नख अडकणं. दात पूर्वीपेक्षा लांब दिसायला लागणं, म्हणजे दात वाढलेला नसतो, हिरडी वर गेलेली असते. हिरडीजवळ पिवळसर पट्टा. गार-गोडाने कळ, आणि ती ठरावीक दातांवर, सुळा आणि त्याच्या मागचे दोन.

रक्त येण्याचं मात्र नीट समजून घ्या, इथे गफलत होते. घासताना रक्त आलं की लोक म्हणतात जास्त घासलं गेलं आणि तिथे घासणंच सोडतात. बऱ्याचदा उलट असतं, प्लाक साचून हिरडी सुजलेली असते म्हणून रक्त येतं, आणि तिथे हलक्या हाताने पण न चुकता घासलं तर आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं. नाही थांबलं, किंवा दात हलतोय, पू दिसतोय, तर सरळ डेंटिस्ट. हिरडी फिकट गुलाबी, घट्ट आहे, सूज नाही, पण मागे सरकलीय, ओरखडे आहेत, तर मग संशय तुमच्या हातावर.

सगळा दोष ब्रशलाच देऊ नका हेही सांगतो. काहींची हिरडी जन्मतःच पातळ असते, काही जण झोपेत दात खातात, काहींना ॲसिडिटीने आंबट पाणी तोंडात येतं, काहींना हिरडीचाच आजार असतो. कारण कुठलं ते तोंडात बघूनच कळतं.

आधीच झीज झाली असेल तर? आधी हात हलका करा, कारण बाकी कुठलाही इलाज त्याशिवाय टिकत नाही. सेन्सिटिव्हिटीच्या पेस्ट मिळतात, पोटॅशियम नायट्रेट किंवा स्टॅनस फ्लोराइडवाल्या, त्यांना दोन-चार आठवडे द्या, दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून फेकू नका. खाच खोल असेल तर डेंटिस्ट दाताच्या रंगाच्या मसाल्याने भरून देतात, आणि हिरडी फारच मागे गेली असेल तर तोंडातल्या टाळूवरचा छोटा तुकडा घेऊन तिथे लावायची शस्त्रक्रियाही करतात. ती टाळता आली तर बरी, एवढंच म्हणेन.

हात सुधारायला किती दिवस लागतात

माहिती एका दिवसात कळते, हाताला कळायला वेळ लागतो. पहिला आठवडा मला तोंड साफ झाल्यासारखंच वाटायचं नाही, कारण साफ झाल्याची खूण म्हणजे हिरड्या चुरचुरणं असं डोक्यात पक्कं होतं. तेव्हा मी प्लाक दाखवणाऱ्या रंगाच्या गोळ्या आणल्या. गोळी चावायची, तोंडात फिरवायची, थुंकायची, आणि जिथे प्लाक राहिलाय तिथे गुलाबी-जांभळा रंग दिसतो. लहान मुलांना शिकवायला तर हा प्रकार भन्नाट आहे, फक्त त्यादिवशी पांढरा शर्ट घालू नका.

मी काय केलं, मुद्दाम आधी माझ्या जुन्याच पद्धतीने घासलं, चांगलं दणकून, आणि मग गोळी चावली. डावा सुळा, जिथे खाच होती, तो लख्ख. समोरचे सगळे लख्ख. आणि खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, हिरडीला लागून एक सलग जांभळी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. उजव्या वरच्या शेवटच्या दाढेमागे पण तेच. म्हणजे दिवसातून चार-चार वेळा घासून मी तेच तेच सहा दात झिजवत होतो आणि बाकीच्यांकडे कधी फिरकलोच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पेनसारखा ब्रश धरून, ठरवलेल्या क्रमाने, दोन मिनिटं घासलं आणि पुन्हा गोळी. रेघ पूर्ण गेली नाही, पण तुटक झाली. दोन आठवड्यांनी फक्त मागच्या कोपऱ्यात ठिपका राहिला. तुम्हीही महिन्यातून एकदा हे करा, कुठे चुकतंय ते लगेच दिसतं. आणि ब्रश वापरून झाला की नळाखाली धुऊन, झटकून, उभा आणि उघडा ठेवा, ओला असताना झाकण लावू नका.

त्या सुळ्याची खाच भरून घेतली मी. भरलेली जागा नखाला अजून किंचित वेगळी लागते. मागच्या महिन्यात ब्रश बदलायला काढला तर सवयीने आधी ब्रिसल्स बघितल्या, तीन महिने झाले होते आणि त्या अजून सरळ उभ्या होत्या, फक्त रंग थोडा उतरला होता.